कोण? मी.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्याला
फाटक एकच, आणि फाटकावर छगनभाई.
ज्याला छगनभाईंनी आत घेतलं तो आपला.
मग त्याने कँटीनमध्ये जावं, गोदामात जावं,
साहेबांच्या केबिनमध्ये एसी लावून बसावं,
कोणी विचारत नसे.
माझ्या आधीच्या माणसाने नेटवर्कही तसंच बांधलेलं:
बाहेर भिंत, आत आओ जाओ घर तुम्हारा.

चोर भिंतीवरून आला नाही.
तो आला गोदामातल्या लेबलं छापणाऱ्या प्रिंटरमधून,
ज्याचा पासवर्ड खोक्यातून निघाला तसाच होता,
एक दोन तीन चार.
अकरा रात्री तिथे राहिला.
नकाशांपाशी गेला, पगारपत्रकापाशी गेला,
बाराव्या रात्री राजकोटच्या एका खऱ्या पुरवठादाराचा
खाते क्रमांक बदलून निघून गेला.
सगळं लॉगमध्ये होतं. मी नंतर ओळ न् ओळ वाचली.
अकरा रात्रींत एकदाही कोणी
त्या प्रिंटरला म्हणालं नव्हतं,
बाबा रे, तुला पगारपत्रक कशाला हवं?

मग मी दारं करत सुटले.
फाइलीफाइलीला दार, दाराला प्रश्न:
कोण? कुठून? कुठल्या यंत्रावरून?
आत्ता, या वेळी, कशासाठी?
सकाळी दिलेलं उत्तर दुपारी शिळं.
लेबल छापणाऱ्याने लेबल छापावं, बस्स.
साहेबांनाही वगळलं नाही.
ते तीन दिवस माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले,
आणि ईमेल उघडायला दर वेळी त्यांना
बोट टेकवावं लागलं.

कारखानीस काका मात्र दुखावले.
चौतीस वर्षं हिशेब. दांडिया बाजारातून
आधी सायकलवर, मग लुनावर, आता मुलाच्या गाडीतून.
मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच.
परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवून,
दोन शब्दांवर बोट दाबून म्हणाले,
"शून्य विश्वास. हे तू लिहिलंस, हेमांगी?"
"काका, तो शब्दच तसा आहे त्यांचा."
"कोणाचा?"
मला सांगता येईना.

श्रावणातल्या एका शनिवारी, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
कारखानीस काका हिशेबाच्या दाराशी आले.
नाव बरोबर, पासवर्ड अक्षरशः बरोबर,
यंत्र कधी न पाहिलेलं.
दाराने विचारलं. उत्तर नाही.
पुन्हा विचारलं. नाही.
दार उघडलं नाही.

सोमवारी मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला.
चष्मा कपाळावर, कागद नाकाला.
"माझंच नाव."
"तुमचंच."
"आणि मी घरी झोपलेला."
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग खिशातून लाल पेन्सिल काढली
आणि व्हाउचरवर करायचे तशी
त्या ओळीपुढे खूण केली, सवयीने.
"साहेबांची सही असली तरी
मी बेरीज पुन्हा करून बघायचो," म्हणाले.
"जुने साहेब चिडायचे. घरचा माणूस ना तू, म्हणायचे.
घरचाच आहे, म्हणून तर करतो, म्हणायचो मी."
उठताना एवढंच: "शब्द तेवढा बदल."

अजून बदललेला नाही.
दुसरा सुचत नाही.
जपणूक लिहून बघितलं, खोडलं,
ते लोणच्याच्या बरणीवर शोभेल.

काल रात्री सर्व्हरपाशी उशीर झाला,
किल्ली ऑफिसातच राहिली.
कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर बेल दाबली.
आतून बाबा: "कोण?"
"मी."
एवढंच. दोन अक्षरंसुद्धा नाहीत.
जगातला कोणीही हेच म्हणाला असता.
दार उघडलं.
बाबा माझ्याकडे न बघताच वळलेही होते,
गॅसवर दूध होतं.
मी आत आले,
आणि दोन्ही कड्या लावल्या.