हब

आगेदामधल्या दुकानात शटर अर्धं ओढून
एर्मिनिया चाकाचा हब चिंधीत गुंडाळते.
चिंधी ॲसिटोननं ओली. मागची खिडकी सताड.

चोरांच्या डोळ्यात भरू नये म्हणून
पोराच्या बापानं जांभळ्यावर काळा स्प्रे मारलेला.

"तारेची घासणी?"
ती नुसती बघते.
"आणि कॉस्टिक तर नकोच, कातडीसकट खाईल.
आतला रंग वर लावलेला नाही रे,
धातूत मुरलाय."

वीस मिनिटं. रेडिओवर फुटबॉल, कुणीच ऐकत नाही.
मग काळं सुटतं, सायीसारखं सुरकुतत.
खाचेतलं ती दातकोरणीनं काढते.

जांभळा.
पोरगा हात पुढे करतो, मागे घेतो.

"हाच ना, तुझ्या आठवणीतला?"

"नाही," तो म्हणतो,
"मी काळाच बघितलाय."