काचेपलीकडून

दारावरचा कागद मीच चिकटवलाय, हॉबर्ट.
हुकूम वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरचा, चिकटपट्टी माझी.
तू तो वाचतोस, हसतोस
आणि उघड्या तोंडानं आत यायला निघतोस.

"माझं नाक, माझा श्वास."
हे मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.
लाकडाच्या गिरणीनं माझे कान कधीच खाल्ले.
हुकूम आल्यापासून
अख्खं गाव मला मुकं झालंय.
उघडा चेहरा माझ्याइतका
कुणाला हवा असेल या दुकानात?

पण घरी डेल्बर्ट आहे.
नाकात नळी, नळीला टाकी, टाकीला महिन्याचं बिल.
खाणीत तुम्हा दोघांनाही मास्क दिले होते ना?
दिवसभर खिशात.
घातले तर कोळसा कमी निघायचा,
मुकादम दुसरीकडे बघायचा.
तेव्हा त्याला स्वातंत्र्य नाही म्हणाले कुणी.
पाळी म्हणाले.

मी हात आडवा धरते.
तू लाल होतोस. बाप, देश, झेंडा, कोर्ट...
इतकं भराभर, की निम्मं निसटतं.

मग मी दारच लावून घेते.
बाहीनं काच पुसते.
आता बोल.

"खिळे. तीन इंची. दोन पौंड."
मी तोलते, पिशवी फटीतून सरकवते.
पैसे तू पायरीवर ठेवतोस, दगडाखाली.

जाता जाता वळतोस.
थंडीनं काचेवर तुझी वाफ धरलेली,
तिच्यामागे ओठ हलतात.
"डेल्बर्ट" एवढं कळलं.

पुढे काय म्हणालास, हॉबर्ट?