घट

कांडल्याहून ट्रक येतो तो बहुतेक पहाटेच,
नंदेसरीच्या फाटकाशी, अंगभर मिठागराची धूळ घेऊन.
ताडपत्री सोडली की दिसतात दगड, इराणचे, मळकट,
आणि एखाद्याच्या नुकत्या फुटलेल्या कडेला
निळं.
फार नाही. धुऊन धुऊन विटलेल्या
शाळेच्या शर्टाच्या कॉलरखाली उरतं, तेवढं.

सेलेस्टाइट. आकाशावरून पडलेलं नाव,
पागनीस सर सांगायचे,
आणि त्याच दमात : आकाश राहू दे,
आधी सिलिका किती ते बघ.

जबड्यात भरडायचं, मग चक्कीत.
दोनशेच्या चाळणीतून गेलं पाहिजे.
रायसंगभाई चिमूट घेऊन बोटांत चोळतात,
कणी लागली की मान हलवतात,
"दाणो छे, साहेब. आजे नहीं चढे."
आणि खरंच चढत नाही.

टाकीत सोडा ॲशचं पाणी, पंचाण्णव अंश.
पाती फिरत असतात, वाफेची तुरट चव ओठांवर.
इथे विरघळून कुणी वाहून जात नाही.
दगड उभ्या जागी पालटतो,
कणाकणाच्या उंबऱ्यावर देवघेव :
सल्फेट बाहेर, कार्बोनेट आत.
आधी वरचा थर पालटतो
आणि तोच मग आतल्याची वाट अडवतो.
तीन तास ढवळा, चार तास ढवळा,
मधोमध एक गाठ तशीच.
रिपोर्टात तिला अनरिॲक्टेड म्हणतात.
पागनीस सर म्हणायचे, हट्टी.

मी दिवसभर गुजरातीत बोलतो,
घरीही आता बरंचसं.
पोती मोजताना मात्र ओठांतल्या ओठांत
पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस.

मार्चमधली ती रात्र. दोनशे बारा नंबरची बॅच,
ब्याऐंशी टक्क्यांवर अडून बसलेली.
तोरल, तीन महिन्यांची ट्रेनी, रडकुंडीला.
गाळ परत टाकीत, ताजा सोडा, परत वाफ.
साडेतीनला शहाण्णव.
मग धुणं. सहाव्या पाण्याची नळी उजेडात धरून
तिने बेरियम क्लोराइडचे दोन थेंब सोडले :
ढग.
सातव्यांदा, ढग.
आठव्यांदा एक धुरकट रेघ, आहे की नाही अशी.
नवव्यांदा पाणी पाणीच राहिलं,
आणि रायसंगभाईंनी तर चहा
सातव्यालाच सांगून ठेवला होता.

तारेच्या टोकाला ती पांढरी ओली पूड लावून
तिने ज्योतीत धरली. लाल.
असा लाल की तिची हनुवटीसुद्धा उजळली.
"हा आपला?"
आपलाच. थोडा फटाक्यांना जातो,
बाकीचा लोहचुंबकवाल्यांना.
ती बघत राहिली. मग म्हणाली,
"सर, आणि तो निळा?"

माझ्यासमोर रजिस्टर उघडं होतं.
आवक. ओलावा. वाळू. न पालटलेला माल.
खाडीकडे जाणाऱ्या पाण्यातलं सोडियम सल्फेट, किलोसकट.
चक्कीची उडालेली धूळ, अर्धा टक्का, तिलाही रकाना.
निळ्याला नाही.
तो सोड्यापर्यंत पोचतच नाही,
चक्कीतच जातो; बारीक झाला की दगड नुसता पांढरा.
पागनीस सर असते तर म्हणाले असते,
रंगाला वजन नसतं पोरी, घटीत धरायचा नाही.
मी एवढंच म्हणालो, चहा निवतोय.

सातला बस. चिमण्यांच्या वर
गाळलेल्या लगद्यासारखी सकाळ.
फाटकावर झडती झाली, नेहमीची :
खिसे, डबे, पूड बाहेर जात नाही ना.
छाणीच्या खड्ड्यांत बस उसळली तेव्हा
तोरलच्या पिशवीत डब्याशेजारी
काहीतरी जड खडखडलं.
तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.
मी खिडकीबाहेर पाहिलं, आणि उगीच
खांब मोजत बसलो,
एकोणपन्नास, पन्नास.