आम्ही की आपण

काबोच्या टेकडीवरून लिहिलेलं एक पत्र
माझ्याकडे भाषांतराला आलंय.
कॅप्टन हॉलिस, आपल्या बहिणीस. ऑक्टोबर १८०७.
शाई तपकिरी, वळण टोकदार,
कडेचं अर्धं वाक्य वाळवीनं नेलेलं.

लिहितो: बातमी काल गलबतानं आली.
गुलामांचा व्यापार बंद.
मेसमध्ये सगळे उभे राहिले.
स्कॉटिश डॉक्टर, वेल्श लेफ्टनंट,
एरवी एकमेकांच्या उच्चारांना हसणारे,
एका आवाजात म्हणाले, आम्ही.
वीस वर्षं सभागृह भांडलं,
तू चहातली साखर सोडलीस, आईनं तुला वेडी म्हटलं,
आज कळलं, आम्ही कोण ते.

इथं मी अडलो.
त्यांच्या भाषेत शब्द एकच.
मराठीत निवडावं लागतं:
आम्ही म्हटलं की समोरचा उंबऱ्याबाहेर,
आपण म्हटलं की तोही पानावर.

पुढच्या ओळीत: उकाडा फार. बरं झालं,
पंख्याची दोरी ओढायला एक पोर मिळालंय,
खालच्या वाड्यातल्या पोर्तुगीज बाईचं,
भाड्यानं.
नाव दिलेलं नाही.

नाव मला ठाऊक आहे.
त्या बाईचे हिशेब ठेवायचे आमचे दुलबा शेणवी.
मोडीतली त्यांची खतावणी अजून घरात आहे.
तांदूळ आणि सुपारी यांच्या मधे, सुबक अक्षरात:
खाप्री बेर्नार्दु, वय अदमासे बारा,
टोपीकरांकडे पंख्यास. दरमहा अश्रफी दोन.
दस्तुरी वजा.

ती दस्तुरी दुलबांची.

पाडव्याला वहीपूजन होतं
तेव्हा या खतावणीलाही हळदकुंकू लागतं.
कुणी उघडत नाही.

पत्रात मी शेवटी आम्ही असंच लिहिलं.
तीन वेळा खोडून.

गावी बांधाच्या कडेला खाप्रीचा दगड आहे.
लोक त्याला पाव ठेवतात, घोटभर फेणी,
पेटलेली विडी. म्हणतात, राखण करतो.
कुठून आला, कुणी आणला,
गाऱ्हाण्यात येत नाही.

काल मीही विडी पेटवून ठेवली.
तोंडाशी आलं होतं, आपण...
पुढचं सुचेना.
वारा पार पडलेला. धूर सरळ वर गेला,
आणि मला उगीच वाटलं,
कुणीतरी हातातली दोरी सोडून दिली आहे.