मुरुडशेंग

मागच्या भिंतीपलीकडे डोंगर सुरू होतो,
मुलुंडचा असला तरी डोंगरच.
सोळा वर्षं खिडकीतून पाहिला
तो नुसता व्ह्यू होता, झाडांना नावं नव्हती.

गार्गी सव्वा महिन्याची असताना
सात ते अकरा, घड्याळ लावल्यासारखी रडे,
गुडघे पोटाशी घेऊन.
डॉक्टर म्हणाले, होतं असं, तीन महिन्यांत जाईल.
तीन महिने! सांगणाऱ्याचं काय जातं.

बुधीबाय भिंतीच्या भगदाडातून यायची,
पाववाल्याच्या भट्टीसाठी मोळी घेऊन.
फाल्गुन होता, उतारावरची झुडपं पानं टाकून
नुसत्या शेंगांवर उभी.
तिनं मोळीत खोचलेली एक काढली:
काळपट, पिळलेली, सुंभाच्या तुकड्यासारखी.
"पोट मुरडतं ना, तशीच हीपण मुरडलेली.
दोन वेढे उगाळ. जास्त नको."
मोळीचा दोरही त्याच झाडाच्या सालीचा,
हे जाता जाता, पाठमोरी.

बायकोनं नाक मुरडलं. आईनं सहाण काढली.
गुण शेंगेचा की दिवसांचा, कोण जाणे,
अकराव्या संध्याकाळी गार्गी सातला झोपली
आणि आम्ही तिघं जागे,
रडणं कधी सुरू होतंय याची वाट बघत.

श्रावणात मी वाकून पलीकडे गेलो, पहिल्यांदाच.
फूल विटेसारखं तांबडं, चोच उघडल्यासारखं,
शेजारी कालचं, शिशासारखं निळं पडलेलं.
शिंजीर आला, तांबड्यातलं प्याला,
निळ्याकडे वळलाही नाही.

गेल्या वर्षी पाडा हलला.
भगदाडाला नवं सिमेंट.
बुधीबायला सातवा मजला.
परवा पत्ता शोधत गेलो तर ती दारात,
हाताला वळायला काही नाही म्हणून
पदराचं टोक वळत बसलेली.
"लिफ्टीत पोट मुरडतं रं.
जिन्यानं गुडघं जातात.
तुझ्याकडं हाय का ती शेंग?"

होती. हिंगाच्या डबीत,
एका टोकाला झिजलेली.
आज ती खिशात घालून निघालोय.
बस येत नाही. मांडीला टोचतेय.
हात घातला तर शिवणीत बी सांडलेलं,
काळं, चार-पाच दाणे.
सातव्या मजल्यावर कुंडी ठेवू देतात का,
विचारायला हवं.