वेगळा कप्पा

पहाटे चार ते सात हा एक वेगळाच प्रांत,
तिथे माझ्याखेरीज कुणीच राहत नाही
असं मला बावन्न दिवस वाटत होतं.

बाळ पाय पोटाशी ओढून रडायचं.
मी हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल,
एकोणीस फरश्या जायच्या, एकोणीस यायच्या.
नवरा पीथमपूरला, रात्रपाळीला,
आणि पाळी नसली तरी
त्याचा कान पाळीवरच असायचा.

सल्ल्यांची मात्र ददात नव्हती.
सासूबाई, देवासहून : बेंबीभोवती हिंग.
आई : हिंग कसला, ओव्याची पुरचुंडी शेक,
आधी स्वतःच्या गालाला लावून बघ.
मावशी : वांगं खाल्लंस ना? खरं सांग.
(वांगं नव्हतं खाल्लं.
काय खाल्लं होतं तेच आठवत नव्हतं.)
डॉक्टर, चष्म्यावरून : वजन वाढतंय, छान.
मग मी का रडते, हे लिहायला
त्यांच्या फायलीत रकाना नव्हता.

सुदामानगरात सात-दहाला कचरागाडी येते.
गाणं आधी, गाडी मागून.
ओला एकीकडे, सुका दुसरीकडे,
आणि कडेला एक छोटा, झाकणाचा कप्पा,
ज्याच्याविषयी कुणी मोठ्यानं बोलत नाही.

त्या दिवशी गाडी पुढे गेलीच होती.
गाऊनवर उलटी ओढणी, खांद्यावर बाळ,
हातात डायपरची काळी पिशवी.
हाक मारायला मी तोंड उघडलं
आणि आवाजाऐवजी दुसरंच काही बाहेर आलं.

गाडी थांबली. सुगनाबाई उतरली.
पिशवी हातात घेऊन तिनं जरा तोलली,
भाजीवाली वांगी तोलते तशी.
"बेटी, एक रात का है ये?"
मी मान हलवली.
"तेरा नंबर से भी इत्ताही आता है.
और पीछे वो पीला गेट, वहाँ तो दो-दो थैली.
तू अकेली थोडी है."

गल्लीतल्या सगळ्या रात्रींचा हिशेब
त्या बाईकडे होता.
मी तेरा नंबरकडे पाहिलं.
दोन वर्षांत मला त्यांची फक्त गाडी माहीत होती,
पांढरी, आमच्या फाटकाला आडवी लावतात ती.

दुसऱ्या दिवशी मी पाच मिनिटं आधीच उभी.
तेरामधून लवीना आली.
तिच्याही डाव्या खांद्यावर दुधाचा डाग,
तिचेही केस कालचे. परवाचे असतील.
"कितने?" तिनं विचारलं.
महिने विचारतेय असं वाटलं. मग कळलं, तास.
"तुकडे जोडून तीन."
"मेरे ढाई."
आणि आम्ही भर रस्त्यात हसत सुटलो,
ती आडवी गाडी मध्ये ठेवून.

पिवळ्या फाटकातला सौमित्र मुळ्ये.
बायको बँकेत परत रुजू झालेली, हा जुळ्यांपाशी.
त्यानं मला ती पकड दाखवली,
कणकेची पिशवी हातावर पालथी घालून :
पोट आपल्या हातावर, गाल कोपराशी,
"आणि तोंडानं काही म्हणायचं नाही, वहिनी.
गाणी म्हणून म्हणून मीच दमायचो. नुसतं चालायचं."

त्या रात्रीही बाळ रडलंच.
खोटं कशाला सांगू.
पण त्या एकोणीस फरश्या
आता दुसऱ्या दोन घरांतही असतील
असं मनात येत राहिलं, आणि पाय चालत राहिले.

परवा सुगनाबाईनं पिशवी तोलली,
"आज हलकी है," म्हणाली.
मी मोजलंच नव्हतं.
मग झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता,
"नौ नंबर से नई चालू हुई है. चार दिन से."

दुपारी डब्यात थोडे पोहे घेतले,
एका हातानं खाता येतील असे, शेव वेगळी.
हिंग नाही, ओवा नाही, वांग्याचा विषय नाही.
नऊ नंबरच्या दारापाशी घंटीचं बटण होतं,
मोठं, पितळी.
त्याला हात लावला नाही.
नखानंच, हलकेच,
दोनदा टकटक केलं.