मीठ सांडताना

बर्फ निसरडा का असतो,
हा प्रश्न मुलाखतीत विचारला तेव्हा
मला हसू आलं होतं. आता सहावं वर्ष.

डरमच्या एका तळघरात, तीन दारांपलीकडे,
मोहरीएवढी पोलादी गोळी
मी बर्फावरून ओढते
आणि ती किती कुरकुरते ते मोजते.
उणे सातला सगळ्यात कमी.
उणे तीसच्या खाली बर्फ अडून बसतो,
वाळूसारखा.

कारण म्हणाल, तर वरच्या थरातले रेणू:
खालून धरलेले, शेजारून धरलेले,
वरून धरायला कुणी नाही.
म्हणून जागच्या जागी चुळबुळतात,
पंगतीच्या टोकाला बसवलेल्या पोरांसारखे,
ना उठलेले, ना नीट बसलेले.
दीडशे वर्षांहून जास्त वाद चालू आहे
त्या काही रेणूंच्या जाडीबद्दल.

कीथ टॅलेंटायरला हे सगळं सांगितलं
टो लॉच्या डेपोत, पहाटे साडेतीनला.
थर्मासचं झाकण फिरवत तो म्हणाला,
"म्हणजे नक्की माहीत नाही."
नक्की नाही, म्हटलं.
"बरं. चढ वर."

त्याच्या ट्रकच्या पोटाखाली माझा सेन्सर,
मागे नऊ टन मीठ,
चेशायरच्या खाणीतलं, काकवीच्या रंगाचं,
माणूस नव्हता तेव्हा आटलेल्या एका समुद्राचं.
मी शिरोड्याची. आमचं मीठ पांढरं,
त्याचा समुद्र अजून शेजारीच गाजतो.
मिठागरात फळी ओढणारी माझी आत्या म्हणायची,
मीठ सांडू नये गो,
सांडलेला एकेक खडा मेल्यावर
पापण्यांनी वेचावा लागतो.

आणि इथे चकती गरगरते,
खडे टणटणत उडतात दोन्ही अंगांना,
काच नीट बसत नाही म्हणून
थोडं ओठांवरही येतं. गंजाची चव.

सकाळी आलेख काढला.
सबंध रात्र एक सरळ रेघ, चौरस मीटरला दहा ग्रॅम.
एका वळणावर वीस.
दर रात्री, तिथेच.
सेन्सर म्हणत होता, रस्ता अधिक एक अंश, कोरडा.
मी तो बिंदू चूक समजून गाळला.

फेब्रुवारीत शेवटी विचारलं.
त्याने ट्रक थांबवला नाही, फक्त काच खाली केली.
"ऐक."
टायरांची घरघर. घरघर.
मग काहीच नाही.
खालचा रस्ता कुणी काढून घेतल्यासारखं,
दोन सेकंद, तीन.
मग पुन्हा घरघर.

"गडग्याखालून पाणी पाझरतं. नकाशात नाही ते.
शहाण्णव साली डोरीनची टपालाची गाडी इथेच उलटली.
पत्रं शेतभर. दोन मेंढ्यांनी खाल्ली.
ती बरी आहे. नाताळला अजून केक पाठवते,
दगड असतो नुसता,
पण पाठवते."

काळा बर्फ काळा नसतोच.
डांबर दिसतं जसंच्या तसं, जरा ओलसर,
आणि तेवढ्यावर माणूस विश्वास ठेवतो.
"आवाज गेला की ब्रेक नको," कीथ म्हणाला,
"हातसुद्धा गप्प ठेवायचे."
माझे हात मांडीवर होते. तरी मी ते गप्प ठेवले.

तो बिंदू परत लावला.
परीक्षकाने विचारलं, हा अपवाद का?
लिहिलं: स्थानिक ओलावा, चालकाचं निरीक्षण.
त्याने शेरा मारला: निरीक्षण कोणत्या उपकरणाने?
काच खाली करून, असं लिहिलं होतं.
मग खोडलं. अजून वाईट वाटतं खोडल्याचं.

मार्चमधल्या शेवटच्या फेरीला
त्याला आत्याचं सांगितलं.
त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला,
रात्रीचे नऊ टन, हिवाळ्यात साठ रात्री,
एकतीस हिवाळे.
"पापण्यांनी?"
पापण्यांनी.
बराच वेळ वायपर तेवढा बोलत होता.
"तेव्हा वेळच वेळ असेल," तो म्हणाला,
आणि बटण फिरवलं, दहाचे वीस.
गडगा आला होता.